श्वासाची जागा

वहिनीचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात काळजी कमी आणि संशय जास्त होता.

"आत्यांचे हात थरथरायला लागलेत म्हणे," ती म्हणाली. "परवापर्यंत सुईत दोरा ओवत होत्या. आता बरोबर मापाच्या आठवड्यात थरथरायला लागले."

"वय झालंय, वहिनी."

"झालंय ना. मी कुठे नाही म्हणतेय? तू ये फक्त. आणि तुझ्या डोळ्यांनी बघ."

माझी नोकरी मापं तपासण्याची आहे. कारखान्यांत वापरतात ते पोलादी ठोकळे आमच्या प्रयोगशाळेत येतात, एका ठरावीक तापमानाच्या खोलीत निवत ठेवले जातात, आणि मग आम्ही सांगतो की ते जेवढे म्हणवतात तेवढे आहेत का. एकदा घेतलेलं माप म्हणजे माप नव्हे, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात. पुन्हा घ्यायचं, आणि पुन्हा. उत्तर दर वेळी थोडं हलतं. ते कसं हलतं यावरूनच खरं काय ते कळतं.

आमचं घर शिंप्याचं. गल्लीच्या टोकाला पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांच्या वर देवीचं देऊळ. ते शहराच्याही आधीचं आहे. एका खांबावर कोरलेली अक्षरं आहेत, पण इतक्या पाठी त्याला घासून गेल्या आहेत की आता बोट फिरवलं तरच ती जाणवतात. वर्षातून एकदा देवीला नवी चोळी चढते आणि ती आमच्या घरातून जाते. माप घरातली बाई घेते, कापड घरातला पुरुष कापतो, टाके घरातली सून घालते. माप घ्यायला टेप चालत नाही, कच्चा सुती दोरा लागतो. देवीच्या अंगावर वस्त्र नसताना गाभाऱ्यात दिवा ठेवत नाहीत, त्यामुळे माप अंधारात, हाताच्या स्पर्शाने घ्यायचं. आणि एकदाच घ्यायचं. चोळी शिवून झाली की तो दोरा वातीसारखा वळून तिच्याच दिव्यात जाळतात. म्हणजे एका वर्षाचं माप दुसऱ्या वर्षी कुणाजवळ उरत नाही.

चोळी चढवली की पुढच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या पाहिजेत आणि बंद बांधले गेले पाहिजेत. मग पुजारी दिवा आत नेतो, सगळ्यांना दाखवतो, आणि झालं. कडा टेकल्या नाहीत तर चोळी परत आली म्हणतात. परत आलेली चोळी उसवून पुन्हा शिवायची नाही. ती घरातल्या मुलींना घालून बघायची. जिला बसेल तिने गाभाऱ्यामागच्या खोलीत राहायचं, देवीचं करायचं, आणि पुढची चोळी परत येईपर्यंत पायऱ्या उतरायच्या नाहीत.

माझ्या आत्याला जी बसली ती चोळी परत आली तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. तिला रुग्णालयात परिचारिका व्हायचं होतं. प्रवेश झाला होता, गणवेशाचं पांढरं कापड घरात येऊन पडलं होतं. ते कापड आता तिच्या खोलीला पडदा म्हणून आहे. तेव्हापासून दर वर्षीचं माप आत्या घेते आणि चोळीही तीच चढवते.

जिची सुटका चोळी परत येण्यात आहे, तिच्याच हाती माप. आमच्या प्रयोगशाळेत असली व्यवस्था कुणी एक दिवस चालू दिली नसती. पण एवढ्या वर्षांत आत्याच्या हातून एकही चोळी परत आली नव्हती, हे वहिनी विसरत होती.

तिला विसरायला कारण होतं. घरात आता एकच मुलगी आहे.

*

भिंगरीला ते नाव ती रांगत होती तेव्हाच पडलं, कारण एका जागी ठेवलेली ती कधी तिथे सापडली नाही. दादाची ही मुलगी आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे आणि खांद्यांनी थेट आत्यावर गेली आहे. तिला जहाजांची इंजिनं शिकायला दूरच्या शहरात प्रवेश मिळाला होता. चोळी चढवण्याच्या दुसऱ्या दिवशी तिला निघायचं होतं.

मी पोचले तेव्हा ती दुकानाच्या फळीवर बसून पाय हलवत होती.

"आलीस का, आतू! सांग यांना. ठोकळे मोजणारी बाई आली म्हणावं, आता एक सूत इकडचं तिकडे व्हायचं नाही."

"जहाज दुरुस्त करणार म्हणे," वहिनी आतून म्हणाली. "घरातला नळ महिनाभर गळतोय तो बघ आधी."

"नळाला कप्तान नसतो गं आई."

दादा काही बोलला नाही. तो कुणाचा तरी कोट कापत होता. कात्री चालू असताना तो कधीच बोलत नाही, पण त्या दिवशी कात्री थांबल्यावरही बोलला नाही. मी त्याच्याजवळ उभी राहिले.

"देवीची चोळी कापायला अवघड असते का रे?" मी विचारलं. इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

"सगळ्यात सोपी," तो म्हणाला. "माणसाच्या कपड्यात श्वासाची जागा सोडावी लागते. छातीला थोडं, पाठीला थोडं. नाहीतर गिऱ्हाईक आरशासमोर छान दिसतं आणि घरी जाऊन शिव्या देतं. दगडाला काय? दोरा म्हणेल तेवढं कापायचं. बरोब्बर."

भिंगरी माझ्यामागे आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा असेच बोलतात हल्ली. फक्त कामाचं. चोळी परत आली तर ते मला थांबवणार नाहीत आणि जाऊही देणार नाहीत. नुसते खाली बघतील. त्याचीच भीती वाटते मला."

"आणि तू काय करशील?"

तिने आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "मागच्या वर्षी आत्याआजीने पेटीतून तिची चोळी काढून दाखवली होती. परत आलेली. मी गंमत म्हणून घालून बघितली. अशी बसली ना आतू, जशी माझ्यासाठीच बाबांनी कापली असावी. आईला सांगू नकोस."

*

आत्याच्या खोलीत एक खाट, एक पत्र्याची पेटी आणि देवळाच्या मागच्या बाजूला उघडणारी खिडकी आहे. एक भिंत गाभाऱ्याची. त्या भिंतीला टेकून आत्या बसली होती. मी हात लावून बघितला. दगड कोमट होता.

"दिवे जळतात ना आत," मी म्हणाले. "बंद जागा. दगडात ऊब साठते."

"हो का?" आत्या म्हणाली. "बरं झालं सांगितलंस. मला वाटायचं, तिला ताप येतो."

ती हसली आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले. कंप खरा होता. मुद्दाम केलेला कंप एका लयीत राहत नाही, थोड्या वेळाने थकतो. हा थकत नव्हता.

"माप तू घे," ती म्हणाली. "मी घेतलं आणि चोळी परत आली, तर तुझी वहिनी म्हणेल, म्हातारीने दावा साधला. नाही आली तरी म्हणेल, साधायचा होता, जमला नाही. तुझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही."

"आत्या, तुला वाटत नाही का, एकदा परत यावी म्हणून?"

"वाटतं की." तिने हात मांडीवर ठेवले, एकावर एक, जसे कुणी दोन मांजरं धरून ठेवावीत. "दर वर्षी वाटतं. म्हणून तर नीट मोजते."

मी उठले तेव्हा तिने मला थांबवलं.

"आणि एकदाच मोज. ते तुझं पुन्हा पुन्हा इथे नको."

"का?"

"माझ्या आधी इथे माझी आत्या होती, तिने सांगितलं होतं. पहिल्यांदा मोजलं तर तिच्या लक्षात येत नाही. दुसऱ्यांदा हात लागला की येतं."

*

पुजारीकाकांनी दुपारी, दर्शनाची गर्दी ओसरल्यावर, गाभाऱ्यातली वस्त्रं उतरवली आणि दिवा बाहेर उंबऱ्यावर आणून ठेवला. ते जाडजूड, दम लागणारे गृहस्थ आहेत. प्रत्येक वाक्यानंतर थोडे थांबतात.

"मी इथेच आहे," ते म्हणाले. "पाठ करून. घाबरू नका. तशी घाबरण्यासारखी गोष्ट नाही. पण मी आहे."

उंबऱ्यावरच्या दिव्याची ज्योत आत झुकली, सरळ झाली, बाहेर झुकली. लहानपणापासून मी ते बघत आले आहे. अभिषेकाचं पाणी जायला गाभाऱ्याच्या तळाशी एक मोरी आहे, तिच्यातून हवा आत-बाहेर करते. शाळेत असताना मी हे शोधून काढलं होतं आणि मला फार अभिमान वाटला होता.

मी आत गेले आणि पडदा पाठीमागे पडला. अंधार पूर्ण होता. तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास होता. मूर्ती माझ्याएवढीच उंच आहे, मोकळी उभी, त्यामुळे पाठीमागून दोरा घेता येतो. मी तो तिच्या काखेखालून फिरवला, पुढे आणला, दोन्ही टोकं जुळवली आणि गाठ मारली. शेंदराच्या आणि तेलाच्या थरामुळे अंग गुळगुळीत होतं आणि हाताला ऊब लागत होती. दगडात साठलेली ऊब, मी स्वतःशी म्हणाले. माप झालं होतं. मी बाहेर येऊ शकले असते.

एक माप म्हणजे माप नव्हे. हे मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. पंधरा वर्षं जे हात दिवसभर तेच करतात, त्या हातांनी ते केलं. मी दोरा न तोडता पुढचा भाग पुन्हा तिच्याभोवती फिरवला आणि पुढची गाठ मारली. मग आणखी एक. हळूहळू, एकसारखा ताण ठेवून. रीळ संपत आलं तेव्हा थांबले.

थांबल्यावर मला जाणवलं की आत फार शांत आहे. मी आत आले तेव्हा ही शांतता नव्हती. तेव्हा कसला आवाज होता तेही सांगता येत नव्हतं. घरातलं घड्याळ बंद पडलं की कळतं, तसं होतं ते.

पडदा सारून बाहेर आले. पुजारीकाका पाठ करून उभे नव्हते. ते दिव्याकडे बघत होते.

"आत काही केलंत का?" त्यांनी विचारलं.

"माप घेतलं."

"ज्योत हलेना," ते म्हणाले. थोडे थांबले. "आता हलतेय. मघाशी हलेना. वारा पडला असेल."

"मोरी तुंबली असेल," मी म्हणाले.

*

दुकानाच्या फळीवर मी दोरा पसरला. गाठ ते गाठ एक माप. घडी घालून एक भाग दुसऱ्याला लावायचा, की फरक डोळ्यांना दिसतो.

फरक असणार हे मला माहीत होतं. अंधारात, हाताने, कच्च्या दोऱ्याने घेतलेली मापं सारखी येत नाहीत. पण चुकांना एक स्वभाव असतो. त्या विखुरतात. एक मोठी, एक लहान, दोन बरोबर, पुन्हा मोठी, अशा कशाही पडतात. माझ्या दोऱ्यावरच्या गाठी विखुरल्या नव्हत्या. मापं थोडी थोडी वाढत गेली होती. एका ठिकाणी पोचून थोडी थोडी कमी होत गेली होती. मग पुन्हा वाढत गेली होती. मी बोटाने चढ आणि उतार दाबत गेले, आणि माझं बोट एका लयीत फळीवर वरखाली होऊ लागलं.

आणि शेवटची मापं, रीळ संपण्याच्या आधीची, सगळी सारखी होती. अगदी सारखी. आमच्या प्रयोगशाळेत असं आलं असतं तर सगळ्यांनी चहा मागवला असता.

दादा केव्हा शेजारी येऊन उभा राहिला ते कळलं नाही. त्याने दोरा हातात घेतला आणि स्वतः घड्या घालून बघितल्या.

"कुणाचं माप आहे हे?" त्याने विचारलं.

"देवीचं. मी पुन्हा पुन्हा घेतलं."

"असं लहान पोराचं होतं," तो म्हणाला. "झोपलेलं असताना मापलं तर. भिंगरीचं पहिलं झबलं शिवलं तेव्हा झालं होतं. दोरा धरला की मोठं, धरला की लहान." त्याने शेवटचे सारखे भाग बोटांत धरले. "आणि हे?"

"हे जाग आल्यावरचं," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते बाहेर पडल्यावर मला कळलं की मी काय म्हणाले.

दादाने दोरा खाली ठेवला, आत गेला आणि हात धुऊन आला. मग कापड पसरलं.

"सगळ्यात मोठं माप धर," मी म्हणाले. "आणि वर श्वासाची जागा सोड."

"आजवर कधी सोडली नाही."

"मग आजवर नशीब चांगलं होतं. दोरा अंगाभोवती थोडा वेळ जास्त राहिला की तो मोठंच माप घेतो, म्हणून बसत आली. ज्या वर्षी हात चटकन उरकला, त्या वर्षी परत आली."

दादाने खडूने रेघ ओढली. मग त्या रेघेच्या बाहेर दुसरी ओढली. वहिनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मला काही सांगू नका," ती म्हणाली. "तुम्ही भाऊ-बहीण काय बोलता ते मला कळलेलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही. कापून द्या, मी टाके घालते." ती बसली आणि सुईत दोरा ओवू लागली. तिला तो ओवता येईना. भिंगरीने तिच्या हातातून सुई घेतली आणि ओवून दिली.

*

चोळी चढवण्याच्या दिवशी सकाळी मी पुजारीकाकांना दोरा दिला आणि आत्याच्या खोलीत गेले. तिला सगळं सांगायला हवं होतं, कारण चढवणार ती होती. तेवढं तरी तिला स्वतः करायचं होतं.

मी सांगत असताना ती भिंतीला टेकून बसली होती.

"म्हणजे कडा टेकल्या नाहीत तर ओढायचं नाही," मी म्हणाले. "नुसतं धरून थांबायचं. तिने श्वास सोडला की टेकतात."

"किती थांबायचं?"

"फार नाही. ती आपल्यापेक्षा सावकाश घेते. नळाखाली एक बादली भरेल इतकं."

आत्या पडद्याकडे बघत राहिली. पांढरं कापड, कडेला पिवळं पडलेलं, एका ठिकाणी रफू केलेलं.

"माझ्या वेळी माझ्या आत्याने चढवली होती," ती म्हणाली. "आम्ही सगळ्या बाहेर उभ्या होतो. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. म्हणाली, टेकत नाहीत. एवढंच. मला आठवतं, माझ्या हातात पाण्याचं भांडं होतं आणि त्यातलं पाणी अजून पिऊनही झालं नव्हतं."

"आत्या."

"तिला घाई होती का, ते मी कधी विचारलं नाही. ती खाली गेली, घरी राहिली, दोनदा वर येऊन मला भेटून गेली. आणि मी म्हणत आले, दगडापुढे काय करणार बाई. दगड तो दगड." तिने पाठीमागच्या भिंतीला हात लावला. "बादली भरेल इतकं."

"इतकंच."

"पण थांबता आलं असतं गं," ती म्हणाली. मग म्हणाली, "जा तू बाहेर. मी केस बांधून येते."

बाहेर सगळे जमले होते. भिंगरीने नवे बूट घातले होते आणि पायऱ्यांजवळ काढून ठेवले होते, पुढची टोकं रस्त्याकडे करून. वहिनीने चोळी दोन्ही हातांवर धरली होती. पुजारीकाकांनी माझ्या दोऱ्याची वात लावलेला दिवा बाहेर आणला. गाठ आली की वात तडतडत होती, मग पुढच्या गाठीपर्यंत शांत जळत होती. ज्योत आत झुकत होती, बाहेर झुकत होती.

आत्या आली. तिने लुगड्याचा पदर घट्ट खोचला होता आणि एक हात पदराआड होता. दुसऱ्या हाताने तिने चोळी घेतली. वहिनीचा हात सुटेना.

"सोड गं," आत्या हळूच म्हणाली. "तुझी पोर जाईल उद्या. नीट जाईल."

पडदा पडला. आम्ही उभे राहिलो. भिंगरीने माझा हात धरला आणि तिची बोटं इतकी गार होती की मला बाकी काही सुचेना. आत्याला वेळ लागत होता. म्हणजे ती थांबली आहे, मी मनात म्हणाले. नीट करते आहे.

मग दिव्याची ज्योत सरळ झाली आणि सरळच राहिली.

पडदा सरला. "बसली," आत्या म्हणाली.

वहिनीने खाली बसून जमिनीला डोकं टेकवलं. दादाने पहिल्यांदा मान वर केली. पुजारीकाकांनी दिवा उचलला आणि रीतीप्रमाणे आत नेऊन वर धरला, सगळ्यांना दिसावं म्हणून.

देवीच्या अंगावर जुनी चोळी होती. विटलेली, पेटीच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या अशी. पुढच्या कडा एकमेकींना टेकल्या होत्या आणि बंद गाठीवर गाठ मारून आवळले होते. नवी चोळी आत्याच्या हातात तशीच होती.

"माझीच बसली," आत्या म्हणाली. "बघा. कधी परत आलीच नव्हती."

पुजारीकाकांचा हात दिव्यासकट थरथरत होता. आत्याचे हात मात्र स्थिर होते, ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"आत्या," मी म्हणाले, "त्या चोळीत श्वासाची जागा नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "माझ्या खोलीत तरी कुठे होती? राहू दे थोडा वेळ तिलाही."

तिने नवी चोळी माझ्या हातात दिली, भिंगरीच्या गालावरून हात फिरवला आणि पायऱ्यांकडे चालू लागली. भिंगरी तिच्या मागे धावली, तिचा हात धरला. वहिनी उठून त्यांच्यामागे गेली. "दिव्याने पाहिलं ना?" ती पुजारीकाकांना जाता जाता म्हणाली. "कडा टेकलेल्या दिसल्या ना? झालं तर मग. आमच्या घरचं झालं." तिच्या आवाजात दोन्ही होतं, हसू आणि रडू. दादाने पायऱ्यांजवळ ठेवलेले भिंगरीचे बूट उचलले आणि तोही उतरू लागला.

मी दाराच्या चौकटीतून बघत होते. आत्या पायऱ्या एकेक करत उतरली. शेवटच्या पायरीवर थांबली. रस्त्यावर ऊन होतं. ती त्यात जाऊन उभी राहिली, मान मागे टाकली आणि छाती भरून श्वास घेतला. एवढ्या लांबूनही तिचे खांदे उचललेले मला दिसले.

माझ्या पाठीमागे कापडाचा टाका तुटला. एकच. मग थोड्या वेळाने दुसरा.

"वारा असेल," पुजारीकाका म्हणाले. ते उंबऱ्याबाहेर येऊन भिंतीला चिकटून उभे होते. दिवा त्यांनी खाली ठेवला होता. ज्योत ताठ उभी होती. इतकी ताठ ज्योत मी फक्त प्रयोगशाळेतल्या वारा न लागणाऱ्या कपाटात पाहिली होती.

"हो," मी म्हणाले. "वारा असेल."

खाली भिंगरी हात हलवून मला बोलावत होती. आत्या तिच्याशी काहीतरी बोलत होती आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे वळून बघत होती. मी उतरून त्यांच्यात गेले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. रीत पूर्ण झाली होती. घरातल्या कुठल्याही मुलीला आता वर यायचं नव्हतं.

आत तिसरा टाका तुटला. तो आवाज ओढून तोडल्यासारखा नव्हता. फार वेळ धरून ठेवलेलं काहीतरी हळूहळू सुटत होतं.

नवी चोळी माझ्या हातात होती. दादाने दुसऱ्या रेघेवर कापलेली, वहिनीने बारीक टाक्यांनी शिवलेली. तिचं खरं माप माझ्याच हातांनी घेतलेलं होतं, आणि ज्या दोऱ्यावर ते होतं तो दिव्यात अर्धाअधिक जळून गेला होता.

"दिवा इथेच राहू द्या," मी पुजारीकाकांना म्हणाले. "आत आणू नका."

"अहो, कशाला जाता? आता काय आहे?"

मी उंबरा ओलांडला. पडदा मागे पडला आणि अंधार झाला. पायाखाली काहीतरी मऊ लागलं. वाकून हात लावला तर जुन्या चोळीचा एक तुकडा, कोमट. मी तो बाजूला सारला, पुढे झाले आणि उरलेले बंद चाचपून, एकेक गाठ सोडवली. शेवटची गाठ सुटल्यावर माझ्या चेहऱ्यावर तेलाच्या वासाची ऊब आली, दीर्घ, न थांबता येणारी. मोरीतून नाही. समोरून, माझ्याच उंचीवरून.

मी नवी चोळी तिच्या पाठीमागून घेतली आणि कडा पुढे आणल्या. त्या टेकत होत्या. सहज टेकत होत्या. तरीही मी बंद बांधले नाहीत. हात तसेच धरून उभी राहिले, तिचा श्वास पुरा होईपर्यंत.